सेल्फला चालू होतो, पण धरत नाही
(ट्रॅक्टरधारक सभासद व वाहतूकदार यांच्यासाठी)



गळीत हंगाम भरात आला म्हणजे गट ऑफिसात दोन तक्रारी हमखास येतात. पहिली तोडीच्या पाळीची. तिच्याविषयी आम्ही वेळोवेळी लिहीत असतोच आणि ती काही संपत नाही. दुसरी तक्रार अशी, की "साहेब, ट्रॅक्टर सेल्फला चालू होतोय, पर दोन मिनटात बंद पडतोय. टोळी फडात बसलीया अन् ट्रॉली अर्धी भरलीया." या दुसऱ्या तक्रारीविषयी आज सविस्तर लिहावयाचे योजिले आहे. कारण ती ऐकायला किरकोळ वाटते, पण तिच्यापायी सभासदाचे पैसे आणि कारखान्याचा उतारा, दोन्ही जातात.

ऊस तोडला की त्या घटकेपासून तो वाळू लागतो. वजन घटते हे तर काट्यावर दिसतेच. पण न दिसणारे नुकसान त्याहून वाईट. तोडलेल्या उसातील साखर आपोआप मोडू लागते आणि मोडलेल्या साखरेचे दाणे होत नाहीत, ती मळीत जाते. म्हणून ऊस तोडल्यापासून चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडावा असा आपला आग्रह असतो. त्यात ट्रॅक्टर रस्त्यात बसला, मिस्त्री सापडला नाही, सापडला तर पंप सोडवून शहरात घेऊन गेला, की दोन दिवस सहज जातात. टोळीची मजुरी बुडते ती वेगळीच.

आता पहिली गोष्ट. जे इंजिन चालू होते आणि मग बंद पडते, त्याच्याबद्दल फार घाबरू नये. सेल्फच मारत नाही किंवा मारूनही इंजिन उचलत नाही, तो प्रकार निराळा. इथे इंजिनाने स्वतःहून आपल्याला बरेच काही सांगून टाकलेले असते. बॅटरी बरी आहे. सेल्फ बरा आहे. कॉम्प्रेशन आहे, नाहीतर पेट घेतलाच नसता. नोजलने एकदा तरी डिझेल नीट फवारले आहे. तेव्हा हेड उतरवू या, पिस्टन बघू या, असे कोणी म्हणू लागला तर त्याला तिथेच थांबवावे. तसेच "पंप गेला" हे वाक्यही लगेच मान्य करू नये. पंप जातो, नाही असे नाही. पण दहा ठिकाणी बघून झाल्यावर अकराव्या ठिकाणी पंपाकडे जायचे असते.

डिझेल इंजिनाला स्पार्क प्लग नसतो हे आपणां सर्वांस ठाऊक आहे. नुसती हवा आत ओढून ती सोळा-सतरा पटीने दाबायची, म्हणजे ती इतकी तापते की तिच्यात डिझेलची बारीक फवार सोडली की आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनिअरने हे यंत्र १८९७ साली यशस्वी चालवून दाखविले. पण डिझेल आत फवारण्यासाठी तेव्हा वेगळा मोठा हवेचा कॉम्प्रेसर लागे. पुढे १९२७ साली बॉश कंपनीने डिझेल दाबून फवारणारा पंप कारखान्यात भरघोस बनवायला सुरुवात केली, तेव्हा कुठे डिझेल इंजिन गाडीत आणि ट्रॅक्टरवर बसण्याजोगे झाले. आपल्याकडे १९५१ साली बंगलोरला मायको कंपनी निघाली आणि तिचे नाव मिस्त्री लोकांच्या तोंडी असे बसले, की २००८ पासून त्या कंपनीचे नाव बॉश झाले तरी खेड्यात अजून "मायको पंप"च म्हणतात.

हे सांगायचे कारण एवढेच, की चालणाऱ्या डिझेल इंजिनाला दोनच वस्तू लागतात, डिझेल आणि हवा. चालू झालेले इंजिन बंद पडते म्हणजे बहुधा या दोहोंपैकी एक तुटते आहे. किंवा बंद करण्याची जी कळ असते ती आपणहून बंद होते आहे. तिसरे कारण इंजिन तापून आवळण्याचे, त्याकडे शेवटी येऊ.

मग पहिले दोन मिनिटे ते चालते कशावर? फिल्टरच्या बाऊलमध्ये, नळीत आणि पंपाच्या पोटात थोडे डिझेल शिल्लक असते. तेवढ्यावर इंजिन चालू होते. शिल्लक संपली, मागून आले नाही, की विझले. आपल्या घरी लाईट गेल्यावर टाकीतले पाणी थोडा वेळ नळाला येते आणि मग नळ सूं सूं करतो, तसेच हे. तेव्हा "किती वेळाने बंद पडतो?" हा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. चालू झाल्याबरोबर पाच-दहा सेकंदात बंद पडत असेल तर अडचण पंपाच्या जवळ आहे. मिनिट-दोन मिनिटांनी पडत असेल तर फिल्टर, नळी, फीड पंप. आणि भरली ट्रॉली घेऊन तीन-चार किलोमीटर गेल्यावर पडत असेल तर टाकीकडे जायचे. हा काही शास्त्रातला नियम नव्हे, पण नव्वद ठिकाणी उपयोगी पडतो.

दुसरा प्रश्न, बंद कसा पडतो? घुमत घुमत, म्हणजे आवाज एकदा चढतो, एकदा उतरतो, धाप लागल्यासारखे करतो आणि मग विझतो, तर डिझेलची उपासमार आहे किंवा डिझेलात हवा शिरली आहे. चावी फिरवून बंद करावा तसा एकदम गप्प होतो, तर स्टॉपची केबल किंवा विजेची तार बघा. काळा धूर ओकत, ताकद सोडत बंद पडतो, तर हवा कमी पडते आहे. एअर क्लीनर पाहा. विझताना पांढरा धूर भकभक येतो आणि एखादा सिलिंडर चुकतो आहे असे वाटते, तर डिझेलात पाणी किंवा हवा. धूर मुळीच येत नाही आणि सेल्फ मारीत राहिले तरी येत नाही, म्हणजे डिझेल नोजलपर्यंत पोचतच नाही. हा धूर बघायला मिस्त्री लागत नाही, सायलेन्सरकडे मान वर करून बघावे लागते एवढेच. आमचे बरेच ड्रायव्हर बंधू नेमके त्या वेळी सेल्फ दाबून दाबून बॅटरी बसवतात. सेल्फ एका वेळी दहा-पंधरा सेकंदांच्या वर दाबू नये आणि पुढच्या वेळेपूर्वी मिनिटभर विसावा द्यावा.

टाकीपासून सुरुवात

डिझेलची वाट अशी आहे: टाकी, कॉक, नळी, फीड पंप (त्यालाच हाताने मारायचा प्रायमर असतो), पहिला फिल्टर, दुसरा फिल्टर, मोठा पंप, बारीक लोखंडी पाइप, नोजल. उरलेले डिझेल परतीच्या नळीने मागे टाकीत. काही ट्रॅक्टरात पहिला फिल्टर फीड पंपाच्या अलीकडे असतो, तेवढा फरक धरावा. तपासणी नेहमी टाकीकडून नोजलकडे करावी, उलट नव्हे. टाकीकडची कामे फुकटात होतात, नोजलकडची पैशाने होतात, आणि उलट सुरुवात केली की आधी पैसे जातात.

डिझेल आहे का, हे आधी बघावे. हसू नका. काटा अर्धी टाकी दाखवतो आणि टाकी रिकामी, असे बऱ्याचदा असते. काटा अडकतो. स्वच्छ कोरडी काठी टाकून बघावी.

त्यानंतर टाकीचे झाकण. गेल्या काही हंगामांतला एक प्रकार इथे सांगण्यासारखा आहे. आमच्या गटातील एका सभासदाचा ट्रॅक्टर डबल ट्रॉली भरून फडातून निघे, तीन-चार किलोमीटर चाले, मग ताकद सोडी आणि घुमून बंद पडे. ड्रायव्हर पंधरा मिनिटे सावलीला बसे, परत सेल्फ मारी, ट्रॅक्टर जणू काही झालेच नाही असा चालू होई आणि पुन्हा तीन-चार किलोमीटरवर तेच. दोन्ही फिल्टर बदलले. नंतर पंप सोडवून शहरात कॅलिब्रेशनला गेला. चार दिवस मोडले, बिल बरेच झाले आणि पंप बसवल्यावर ट्रॅक्टर पुन्हा त्याच पुलाच्या चढावर उभा! शेवटी एका जुन्या निवृत्त मिस्त्रींना आणले. त्यांनी पान्हा काढलाच नाही. एवढेच विचारले, "अण्णा, झाकण कवा बदललं?"

"दिवाळीला. डिझेल चोरी व्हाया लागली म्हणून कुलपाचं घातलं. का वो मिस्त्री?"

मिस्त्रींनी ट्रॅक्टर चालू करायला लावला, बंद पडायच्या बेताला आल्यावर झाकण सैल केले, आणि टाकीत सूऽऽ करून हवा शिरली. इंजिन लगेच सुधारले. "अण्णा, टाकीचा श्वास कोंडला हुता. पंप काय करील?"

टाकीतून डिझेल जाते तेवढ्या जागेत बाहेरची हवा आत यावी लागते. त्यासाठी झाकणाला बारीक भोक किंवा झडप असते. ते धूळ-तेलाने बुजले, किंवा बाजारातले बिनभोकाचे झाकण बसवले, की टाकीत पोकळी तयार होते आणि फीड पंपाला डिझेल ओढता येत नाही. उभा राहिल्यावर कुठून तरी हवा हळूहळू शिरते, म्हणून पंधरा मिनिटांनी परत चालू होतो. तेव्हा विसाव्याने बरा होणारा ट्रॅक्टर दिसला की पहिला हात झाकणाला जावा. भोक तारेने मोकळे करा. पण म्हणून झाकण काढून, तोंडाला चिंधी बांधून हंगाम काढायचा नव्हे. उसाच्या फडातली धूळ आणि पाचटाचा भुगा त्या वाटेने थेट फिल्टरात जातो.

झाकण सैल करूनही फरक पडला नाही, पण विसावा दिल्यावर ट्रॅक्टर चालू होतोच, तर टाकीच्या तळाशी काहीतरी फिरते आहे असे समजावे. आम्ही टाक्या धुतल्या तेव्हा काय काय निघाले म्हणता! पाचटाचे तुकडे, कॅनच्या बुचाखालचा प्लॅस्टिकचा पापुद्रा, गंजाचे पोपडे, आणि बुळबुळीत काळपट शेवाळासारखा गाळ. हा गाळ म्हणजे डिझेल आणि तळाचे पाणी यांच्या मधोमध वाढणारे जंतू होत. इंजिन चालू असताना असली घाण ओढीने कॉकच्या तोंडाशी येऊन बसते, बंद झाले की सुटून खाली जाते. याची परीक्षा: टाकीचे झाकण उघडे ठेवून, फीड पंपाकडची नळी सोडून, हातपंपाने टाकीकडे उलटी हवा मारावी. टाकीत बुडबुड आवाज मोकळा आला आणि नंतर ट्रॅक्टर बरा चालला, तर दोन दिवसांनी तो पुन्हा बंद पडणार हे नक्की. टाकी उतरवून धुणे हाच त्यावर उपाय. हवा मारायला किंवा डिझेल ओढायला तोंड मात्र लावू नये. डिझेल पोटात जाण्यापेक्षा फुप्फुसात जाणे जास्त वाईट असते, आणि ते नेमके ओढतानाच जाते.

आता सगळ्यांत चांगली परीक्षा सांगतो. हिला अर्धा तास लागतो आणि निम्मे भांडण मिटते. पाच लिटरचा स्वच्छ कॅन घ्या, त्यात खात्रीचे डिझेल भरा, बॉनेटजवळ पंपापेक्षा उंच, सायलेन्सरपासून लांब, पक्का बांधा. त्यातून पारदर्शक प्लॅस्टिकची नळी थेट फीड पंपाच्या तोंडाला जोडा. हवा काढून ट्रॅक्टर चालू करा आणि जागेवरच, ट्रॉली सोडून, अर्धा तास चालवा. आता बंद पडला नाही? मग दोष टाकी, कॉक किंवा मधल्या नळीत आहे. पुढच्या कशालाही हात लावायचे कारण नाही. तरीही बंद पडला, तर टाकीला निर्दोष सोडून फीड पंपापासून पुढे बघा. वाट निम्म्यात तोडून कोणत्या निम्म्यात दोष आहे ते आधी ठरवायचे, मग त्या निम्म्याचे परत निम्मे. विहिरीवरून येणारी पाइपलाइन कुठे चोंदली आहे हे आपण असेच शोधतो. मग ट्रॅक्टरच्या बाबतीत एका दमात सगळे बदलण्याची घाई का होते, हे आम्हांस उमगलेले नाही.

हवा शिरणे, म्हणजे "एअर घेतली"

रात्रभर उभा राहिलेला ट्रॅक्टर सकाळी टुणकन चालू होतो, मिनिटभर चालतो, घुमतो, बंद पडतो. मग ड्रायव्हर प्रायमर मारतो, आणि नंतर दिवसभर काही नाही. हे दुखणे फार सामान्य आहे. टाकीकडून फीड पंपापर्यंतच्या वाटेत कुठेतरी बारीक चीर आहे. त्या भागात ओढ असते, दाब नसतो. म्हणून तिथून डिझेल बाहेर गळत नाही, बाहेरची हवा आत जाते. सारे कोरडे दिसते आणि माणूस फसतो. रात्रीत डिझेल मागे टाकीत उतरते, त्या जागी हवा भरते. सकाळी पंपातल्या शिलकीवर इंजिन चालू होते आणि मागून हवेचा बुडबुडा येऊन पोचला की विझते. (ज्यांची टाकी पंपाच्या वर आहे त्यांच्याकडे अशी चीर उभ्या ट्रॅक्टरला ओल दाखवते, ते शोधायला सोपे.)

हवेने एवढे का बिघडावे? डिझेल दाबले तर दाबले जात नाही, दाब पुढे नोजलला जातो. नोजल उघडायला सेंटिमीटरला दोनशे किलोच्या आसपास दाब लागतो. मध्ये हवा असली की पंपाचा सगळा जोर ती हवा दाबण्यात जातो. नोजल उघडतच नाही.

चीर शोधताना रबरी नळीचे क्लिपजवळचे टोक वाकवून बघा, तिथे केसासारख्या भेगा पडतात. फिल्टर बदलताना जुनेच तांब्याचे वायसर परत घातले आहेत का, फिल्टरच्या डोक्याचे रबर दुमडून बसले आहे का, तेही बघा. फिल्टर बदलल्यानंतर दुसऱ्या दिवशी हे दुखणे सुरू झाले असेल तर शोधायला लांब जाऊच नका. संशय असलेल्या जोडावर जाड ग्रीस थापून ट्रॅक्टर चालवून बघावा. फरक पडला तर चोर सापडला. ग्रीस हा उपाय नव्हे, नळी किंवा वायसर बदलायचाच.

हवा काढण्याची रीत बहुतेकांस माहीत आहे, पण क्रम चुकतो. आधी टाकी निम्म्याहून जास्त भरा. पहिल्या फिल्टरवरचा एअर स्क्रू दोन आटे सैल करा, प्रायमर मारा, फेस येईल. फेस जाऊन सलग डिझेल येईपर्यंत मारत राहा आणि डिझेल वाहत असतानाच स्क्रू आवळा. मग दुसरा फिल्टर, मग पंपाचा स्क्रू. एवढ्याने चालू झाला तर नोजलचे नट सोडू नका. प्रायमरचा दांडा कधीकधी ढिला लागतो, मारल्यासारखे वाटतच नाही. तेव्हा फीड पंप गेला असे समजू नये. कॅमचा उंचवटा नेमका त्याच्यावर येऊन थांबलेला असतो. इंजिन थोडे फिरवा, दांड्याला जोर येईल. स्क्रू आवळतानाही बेताने. मऊ धातूचे आटे असतात, एकदा गेले की ते कायमचे हवा घेतात.

खरोखर फीड पंपच फाटला असेल तर त्याची एक खूण ध्यानात ठेवा. पडद्याच्या फीड पंपात पडदा फाटला की डिझेल इंजिनच्या ऑइलमध्ये उतरते. डिपस्टिक काढा, ऑइल पातळ झाले आहे, पातळी वर चढली आहे, डिझेलचा वास येतो आहे, तर ट्रॅक्टर तिथेच बंद ठेवावा. पातळ ऑइलवर एक खेप ओढली तर बेअरिंगचे काम निघेल. तोडचिठ्ठी गेली तरी चालेल, पण ती खेप नको.

पाणी आणि फिल्टर

बाऊलच्या तळाचा स्क्रू सोडून त्यातले डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि पंधरा मिनिटे बाटली हलवू नका. पाणी जड, ते खाली बसते आणि मधली रेघ स्पष्ट दिसते. पाणी येते कुठून? उघड्यावर ठेवलेल्या पिंपातून, पावसात भिजलेल्या झाकणातून, आणि रिकाम्या टाकीतल्या हवेतूनही. थंडीच्या रात्री टाकीच्या पत्र्याला आतून दव धरते. हंगामात संध्याकाळी टाकी भरून ठेवावी, सकाळी नव्हे. पिंप असेल तर ते भरल्यानंतर दिवसभर निवू द्यावे आणि तळचे चार बोटे डिझेल कधीच ट्रॅक्टरला घालू नये.

पंपातल्या आतल्या दांड्या आणि त्यांच्या नळकांड्या यांच्यातली फट दोन-तीन मायक्रॉनची असते. आपल्या डोक्याचा केस सत्तर मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे केसाच्या विसाव्या हिश्श्याहून बारीक फटीला वंगणही डिझेलचेच. तिथे पाणी किंवा माती गेल्यावर काय होईल ते सांगायला नको. म्हणून कागदी फिल्टर धुऊन, फुंकून परत घालू नये. शेकड्यात काटकसर आणि हजारांत खर्च, असा तो व्यवहार आहे. स्वस्तातला नकली फिल्टरही तसाच. त्यातला कागद काही वेळा डिझेल गाळतच नाही, नुसते जाऊ देतो, आणि ट्रॅक्टर छान चालतो म्हणून मालक खूश असतो.

नवा फिल्टर, चांगली नळी, हवा काढलेली, तरीही ओझ्याखाली बंद पडतो, तर पंपावरची परतीची झडप बघायला सांगा. तिच्यातली स्प्रिंग मेली की डिझेल पंपात दाब धरून न राहता सरळ टाकीकडे परत पळते. लहान वस्तू आहे, पंप न सोडवता बदलते.

बाकीची कारणे थोडक्यात

स्टॉपचा नॉब ओढून बंद करायच्या ट्रॅक्टरात केबल गंजली की नॉब आत ढकलला तरी पंपाची कळ पूर्ण मागे जात नाही. कळ हाताने पुरी मागे ढकलून ट्रॅक्टर चालू करून बघा. चावीने बंद होणाऱ्या ट्रॅक्टरात पंपावर विजेचा सोलेनॉइड असतो, त्याला वीज आहे तोवरच डिझेल जाते. त्याची तार सैल असली, की रस्त्यातल्या खड्ड्यात ट्रॅक्टर एकदम गप्प. एक तार आवळून काम होते.

हवेच्या बाबतीत एकच सांगतो. फडात आणि गव्हाणीजवळ उभ्या राहणाऱ्या ट्रॅक्टरचा एअर क्लीनर पुस्तकातल्या तासांवर साफ करून भागत नाही. ऑइलचा असेल तर वाटीतले ऑइल चिखलासारखे झाले का रोज बघा. वाटीत खुणेच्या वर ऑइल भरू नका. जादा ऑइल इंजिन ओढते आणि मग बंद पडायचे सोडून ते आवरेनासे पळते, हा उलटा धोका आहे.

तापून बंद पडलेला ट्रॅक्टर हे वेगळे दुखणे. रेडिएटरच्या जाळीत पाचट आणि उसाची कुसे भरतात, वारा लागत नाही, इंजिन तापते, ताकद सोडते आणि आवळून थांबते. सेल्फ मारला तर जड लागतो किंवा फिरतच नाही. अशा वेळी सेल्फला जोर करू नये, रेडिएटरचे बूच उघडू नये, इंजिनावर थंड पाणी ओतू नये. तासभर निवू द्या, मग पाणी आणि ऑइल बघा.

आता नव्या ट्रॅक्टरांविषयी. पन्नास हॉर्सपॉवरच्या वरच्या ट्रॅक्टरांना १ जानेवारी २०२३ पासून धुराचे ट्रेम-४ हे नियम लागू झाले आणि त्यामुळे त्यांपैकी बऱ्याच ट्रॅक्टरांत कॉमन रेल आली. तिथे डिझेल सेंटिमीटरला हजार किलोहूनही जास्त दाबाने पाइपात असते. वर सांगितलेली नट सैल करून हवा काढण्याची रीत तिथे मुळीच वापरू नये. त्या दाबाची बारीक धार हाताची कातडी फोडून आत शिरते. जखम टाचणीएवढी दिसते आणि हात गमावण्याची पाळी येते. असे कोणाचे झाले तर "किरकोळ आहे" न म्हणता लगेच मोठ्या दवाखान्यात न्यावे व डिझेल आत शिरले आहे हे डॉक्टरांना स्पष्ट सांगावे. अशा ट्रॅक्टरांत झाकण, टाकी, पाणी, बाहेरचा फिल्टर, बॅटरीची टोके एवढे आपण बघावे. डॅशबोर्डवर इंजिनचा दिवा लागला असेल तर पुढचे काम कंपनीच्या माणसाचे.

पुष्कळ सभासदांच्या दारी आता पेट्रोलची कारही आहे, आणि कुठे गाडी बंद पडली की "तुमच्या कारखान्याच्या इथेनॉलनं झालं" असे आम्हांला ऐकवले जाते. इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळतात. ट्रॅक्टरच्या डिझेलशी त्याचा संबंध नाही. पेट्रोलच्या टाकीत पाणी शिरले तर मात्र इथेनॉल त्या पाण्याला धरून तळाला बसते आणि गाडी नक्की बंद पडते, हे आम्ही नाकारीत नाही. टाकी कोरडी राहील एवढे बघावे. कार चालू होऊन एक-दोन सेकंदातच बंद पडत असेल, दर वेळी तेवढ्याच सेकंदात, तर चावी ओळखणाऱ्या यंत्रणेचा दिवा बघा आणि दुसऱ्या चावीने चालू करून बघा. ॲक्सिलरेटर दाबून धरला तर चालते, सोडला की विझते, असे असेल तर हवेच्या झडपेवर काजळी साचली असण्याचा संभव मोठा.

रस्त्यात बंद पडला तर

भरली ट्रॉली चढावर असताना इंजिन विझले की स्टिअरिंग एकदम जड होते आणि ट्रॉलीला बहुधा ब्रेक नसतातच. म्हणून घुमण्याचा आवाज आल्याबरोबर, विझण्याची वाट न बघता, कडेला घ्यावे. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करणाऱ्यांना आम्ही दर हंगामात सांगतो, याही वेळी सांगतो: करू नका. गाडी थांबल्यावर आधी चाकांना दगड, मग मागे निदान पन्नास पावलांवर लाल त्रिकोण किंवा रिफ्लेक्टर, आणि त्यानंतर बॉनेट. हा क्रम रात्री तर मोडूच नये. अंधारात उभ्या उसाच्या ट्रॉलीवर मागून मोटारसायकल आदळून माणसे गेलेली आपण सर्वांनी पाहिली आहेत. ट्रॅक्टर दुरुस्त करून निघताना चाकाखालचे दगडही उचलावेत. ते रस्त्यातच राहतात आणि पुढचा अपघात करतात.

मिस्त्रीला फोन करताना "बंद पडलाय, या" एवढेच न सांगता हे सांगावे: चालू झाल्यावर किती मिनिटांनी पडतो, घुमत पडतो की एकदम, धूर कोणता, झाकण सैल केल्यावर फरक पडतो का, प्रायमर मारल्यावर परत चालू होतो का, शेवटचा फिल्टर कधी बदलला आणि डिझेल कुठून भरले. एवढे ऐकल्यावर चांगला मिस्त्री निघताना योग्य ते सामान घेऊन निघतो आणि त्याची एक फेरी वाचते. ट्रॅक्टरच्या डब्यात एक जोडी फिल्टर, वेगवेगळ्या मापाचे पाच-सहा तांब्याचे वायसर, दोन क्लिपा, हातभर पारदर्शक नळी, काचेची बाटली आणि स्वच्छ सुती फडके असावे. गोणपाटाचा तुकडा किंवा जुनी चिंधी नको, तिचे धागे सुटून फिल्टरात जातात.